साखर यीस्ट खाऊन टाकतं, मागं फळ किती उरतं ते बघ

"काका नमस्कार. मी खानापूर तालुक्यातला, तीन वर्षं झाली मँचेस्टरला नोकरीला आहे. इथं घरी बिअर करायला परवानगी लागत नाही म्हणून मागच्या वर्षापासून सामान आणून करतोय, चार-पाच बॅच बऱ्या झाल्या. ह्या वेळी आईनं पाठवलेलं कोकम सिरप २० लिटर गव्हाच्या बिअरमध्ये घातलं, ७५० मिलीच्या दोन बाटल्या. चार दिवसांनी बिअर बाटल्यांत भरली आणि चव नीट लागावी म्हणून प्रत्येक अर्ध्या लिटरच्या बाटलीत दोन मोठे चमचे सिरप वरून अजून टाकलं. आता कपाटात दोन बाटल्या फुटल्यात, एक उघडली तर निम्मी छताला गेली, उरलेली चाखली तर कोकमचा गोडवा नाहीच, नुसतं आंबट, जिऱ्याचा वास आणि डोकं जड. आई आता करवंदाचं आणि जांभळाचं सिरप पण पाठवते म्हणतीय. ती समजतीय मी सरबत पितोय. माझं काय चुकलं? – एक खानापूरकर"

अरे खानापूरकर, चव आणि जिरं नंतर बघू, आधी कपाटातल्या बाटल्या. दोन फुटल्यात म्हणजे बाकीच्या पण त्याच वाटेवर आहेत. हे वाचायचं थांबव, जाड हातमोजे घाल, डोळ्याला गॉगल लाव, साधा चष्मा नको बाजूनं झाकणारा गॉगल, फुल बाह्यांचं जाड जॅकेट घाल, आणि एकेक बाटली जाड टॉवेलात गुंडाळून, न हलवता, फ्रीजमध्ये नेऊन ठेव. झाकणाचा प्लास्टिकचा डबा असेल तर डब्यासकट ठेव. गार झालं की गॅस बिअरमध्ये विरघळून राहतो, दाब कमी होतो, आणि यीस्ट पण थंडीनं झोपतं. दोन दिवस तशाच राहू देत. मग घराबाहेर, टॉवेल वरनं धरून, बूच एकदम न उडवता जरासं उचल, फुस्स झालं की सोड, परत उचल, असं पाच-सहा वेळा, आणि सगळी ओतून टाक. एक पण ठेवू नकोस. मी एका बिअर कारखान्याच्या लॅबमध्ये बावीस वर्षं काढली, तिथं एकदा एक पोरगा जादा भरलेली बाटली हातात धरून उजेडाला बघत होता आणि ती हातातच गेली, तळहाताला अकरा टाके पडले, काच तोंडाकडं आली नाही हे त्याचं नशीब. वीस लिटर बिअर ओतताना जीव तुटतो मला माहीत आहे, खरं डोळा परत करता येत नाही.

आता काय झालं ते सांगतो. एक लिटर बिअरमध्ये चार ग्रॅम साखर आंबली की तिच्यातनं साधारण एक लिटर गॅस तयार होतो. नेहमीच्या बिअरमध्ये लिटरमागं अडीच लिटरच्या आसपास गॅस असतो आणि साधी बाटली तीन-साडेतीनपर्यंत कशीबशी सोसते. तू काय केलंस बघ. दोन मोठे चमचे म्हणजे ३० मिली सिरप, त्याचं वजन झालं जवळजवळ ४० ग्रॅम, सिरपात साखर साधारण ६५ टक्के धरली तर २५-२६ ग्रॅम साखर, ती पण अर्ध्याच लिटरमध्ये. म्हणजे लिटरला ५० ग्रॅम. चारनं भाग. लिटरमागं बारा-तेरा लिटर गॅस मावायला पाहिजे त्या बाटलीत! आणि फर्मेंटरमधलं, म्हणजे आंबवायच्या भांड्यातलं, सिरप चार दिवसांत पूर्ण आंबलेलं पण नसणार, ते वेगळंच. दोनच फुटल्या हे मला नवल वाटतंय.

डोकं जड का झालं त्याचा पण हिशेब आहे. ७५० मिली सिरपाची बाटली वजनाला जवळजवळ एक किलो भरते, दोन बाटल्यांत मिळून सव्वा किलोच्या वर साखर गेली. १ किलो साखर २० लिटरमध्ये घातली की अल्कोहोल साधारण तीन टक्के वाढतं. तुझ्या बॅचमध्ये ते साडेतीन टक्क्यांच्या आसपास वाढलं, पाच टक्क्यांची बिअर साडेआठच्या घरात गेली आणि तू ती पाच समजून प्यालास. म्हणून पुढच्या वेळी सिरप घालताना हायड्रोमीटर, म्हणजे बिअरमध्ये किती साखर उरली ते दाखवणारी काचेची तरंगती नळी, लावायचाच, घालायच्या आधी आणि घातल्यावर, आणि बाटली तेव्हाच भरायची जेव्हा तीन दिवस लागोपाठ तोच आकडा येतो. चार दिवस झाले, आठ दिवस झाले असलं कॅलेंडर बघून बाटल्या भरायच्या नसतात, यीस्टला कॅलेंडर वाचता येत नाही.

आता तुझा खरा प्रश्न, गोडवा कुठं गेला. अरे तो गोडवा कोकमचा नव्हताच की! तो साखरेचा होता. कोकमला स्वतःचं गोड असं काही फारसं नाहीच. आपल्याकडं कोकम सिरप कसं करतात ते तू लहानपणी बघितलं असशील, रातांबे, म्हणजे कोकमची ताजी फळं, फोडायचे, बिया बाजूला, सालीच्या वाट्यांत साखर भरायची, चिनी मातीच्या बरणीत एकावर एक थर द्यायचे, तोंडाला फडकं बांधायचं आणि सात-आठ दिवस अंगणात उन्हात ठेवायची. साखर त्या सालीतला रस ओढून घेते, बरणीच्या तळाशी लालभडक पाक जमतो. सालीच्या दीडपट-दुप्पट साखर घालतात आपल्याकडं. मग गाळून त्यात भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि मीठ. म्हणजे तू बिअरमध्ये घातलंस ते मुख्यतः साखर, त्यात कोकमचं आम्ल, रंग, जिरं आणि मीठ. यीस्टनं साखर खाऊन टाकली, कारण त्याचं कामच ते, आणि जे त्याला खाता येत नाही ते सगळं तुझ्यासाठी ठेवलं. म्हणून आंबट आणि जिरं. तुझी बिअर बिघडली नाही, तिनं सिरपात खरं काय होतं तेवढंच तुला दाखवलं.

हे एकदा डोक्यात बसलं की कुठलं पण फळ घे, कुठलं पण सिरप घे, तू चुकणार नाहीस. सिरप तोंडात धरून 'वा काय लागतंय' म्हणायचं नाही. साखर वजा केल्यावर काय लागतं ते चाखायचं. बेल्जियममध्ये लँबिक म्हणून आंबट बिअर असते, त्यात आंबट चेरी घालून क्रीक करतात, जुन्या पद्धतीची क्रीक गोड नसतेच, कोरडी आंबट असते, आणि तरी चेरी म्हणजे चेरीच लागते, कारण तिथं अख्खं फळ महिनोन् महिने मुरतं, साखरेच्या जोरावर काही चाललेलं नसतं.

साखर वजा करून चाखायची माझी एक पद्धत आहे, फार सोपी. सिरपचा एक कप घे, उकळून गार केलेलं सहा कप पाणी घाल, स्वच्छ बाटलीत भर, चिमूटभर बिअरचं यीस्ट टाक, यीस्टचं खाद्य मिळतं दुकानात ते पण चिमूटभर टाक कारण नुसत्या साखरपाण्यात यीस्टचे हाल होतात आणि सडक्या अंड्याचा वास मारतो. झाकण सैल ठेव, आवळून लावू नकोस, आत्ताच सांगितलं ते विसरू नकोस. आठ-दहा दिवसांनी बुडबुडे थांबले, खाली गाळ बसला की एक दिवस फ्रीजमध्ये ठेव आणि वरचं निवळ चाख. हा तुझ्या सिरपचा सांगाडा. आता साधी गव्हाची बिअर घे, १००-१०० मिलीचे चार ग्लास भर, औषधाच्या सिरिंजनं एकात ५ मिली, दुसऱ्यात १०, मग १४, मग २० असं घाल आणि सावकाश पी, मध्ये पाणी पी. समज १४ मिलीचा ग्लास आवडला. सिरप सातपट पातळ केलं होतंस, म्हणजे १४ मध्ये मूळ सिरप २ मिली. १०० मिलीला २ तर २० लिटरला ४००. संपला हिशेब. तू दीड लिटर ओतलं होतंस, ते पण बाटलीतलं सोडून!

दुकानातलं सिरप घेणार असशील तर बाटलीमागचं बारीक अक्षर वाच. सोडियम बेंझोएट म्हणजे लेबलवर २११ नंबर, पोटॅशियम सॉर्बेट म्हणजे २०२, पोटॅशियम मेटाबायसल्फाइट म्हणजे २२४. ही सगळी यीस्टला आणि बुरशीला रोखायलाच घातलेली असतात. वीस लिटरमध्ये थोडं सिरप गेलं तर जोरात चाललेलं यीस्ट निभावून नेतं, खरं बाटलीत गॅस धरायच्या वेळी ते अडखळतं आणि बिअर सपक राहते. आणि सॉर्बेटवालं सिरप आंबट बिअरमध्ये तर अजिबात नको, कारण आंबटपणा आणणारे लॅक्टिक बॅक्टेरिया सॉर्बेटची वाट लावतात आणि त्यातनं जिरेनियमचं पान चुरगाळल्यासारखा वास येतो. तो वास एकदा आला की कुठल्याच उपायानं जात नाही, मी करून बघितलंय सगळं. आईचं घरचं सिरप ह्या बाबतीत लाखात एक, त्यात हे काही नाही.

आता फळं. कोकमचंच आधी, कारण मला वाटतं तुझ्या हाताशी एक फार छान गोष्ट आहे आणि ती तुला दिसली नाही. जर्मनीत गोझे नावाची बिअर आहे, गोस्लार गावची, पुढं लायपझिगला रुजली. गव्हाची, आंबट, आणि तिच्यात मीठ आणि धने घालतात. मीठ, धने, आंबट! हे ऐकून तुला सोलकढी आठवली नाही तर तू खानापूरचा नाहीस. कोकमला ह्याच्यापेक्षा चांगलं घर मिळणार नाही. आणि रंगाचं पण तिथंच जमतं. कोकमचा लाल रंग आंबटात टिकतो, आंबट कमी झालं की उडतो. साध्या बिअरचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका खाली तितकं आंबट) सव्वाचार-साडेचारच्या घरात, तिथं तो लाल रंग मळका, फिकट होतो, तुझी बिअर पण तशीच मातकट दिसली असेल बघ. गोझेचा पीएच सव्वातीन-साडेतीनपर्यंत उतरतो, तिथं कोकम कसं झळकतं ते एकदा काचेच्या ग्लासात बघच.

खरं त्यासाठी सिरप नको. आईला सांग सुकी सोलं पाठव, बिनमिठाची. सिरपच्या बाटल्यांनी बॅग जड होते, फुटली तर कपडे लाल, आणि त्यातली निम्म्याच्या वर तर साखर, जी मँचेस्टरच्या कुठल्या पण दुकानात मिळते. सोलं हलकी, वर्षभर टिकतात. २० लिटरला ६० ग्रॅमपासून सुरू कर. निर्जंतुक म्हणून ७५-८० अंशाच्या पाण्यात पंधरा मिनिटं भिजव, ते पाणी आणि सोलं दोन्ही पहिली आंबवण संपल्यावर फर्मेंटरमध्ये टाक, तिसऱ्या दिवसापासून रोज चाख, पुरे वाटलं की बिअर दुसऱ्या भांड्यात काढ. आगळ, म्हणजे कोकमचा खारवलेला रस, असेल तर ते पण चालतं, खरं आगळात मीठ भरमसाट असतं, १०० मिलीतनं सहज १५ ग्रॅम मीठ जाऊ शकतं आणि २० लिटर गोझेला मीठ एकूण तेवढंच लागतं. म्हणजे आगळ घातलं तर वरून मीठ अजिबात नको. धने १५-२० ग्रॅम, जाडसर भरडून, उकळीच्या शेवटच्या पाच मिनिटांत. जिरं नको. जिरं सरबतात छान, बिअरमध्ये ते सगळ्यांच्या डोक्यावर बसतं, हे तुला कळलंच आहे.

एक गोष्ट अजून, बिया. ताजे रातांबे कधी मिळाले तर बी एक पण जाऊ देऊ नकोस. बियांत तेल असतं, तेच आपल्याकडं थंडीत गोठलेला गोळा करून पायाच्या भेगांना लावतात, आणि तेलाचा एक थेंब बिअरचा फेस मारतो. लॅबमध्ये फेस का बसत नाही म्हणून आम्ही दोन दिवस डोकं फोडलं होतं आणि शेवटी निघालं काय तर ग्लास पुसायचं फडकं तेलकट!

करवंद. मला विचारशील तर आपल्या डोंगरातलं बिअरसाठी सगळ्यात गुणी फळ हेच. मे महिन्यात जांबोटी-कणकुंबीच्या रस्त्याला बायका-पोरं पानांच्या द्रोणात घेऊन बसतात, काळीभोर, वरून धूळ बसलेली, तोंडात टाकलं की आधी गोड, लगेच आंबट, आणि शेवटी ओठाला चीक. साखर गेली तरी करवंदाकडं पुष्कळ काही उरतं, आंबट आहे, किंचित तुरट आहे, गुलाबी-लाल रंग आहे आणि एक जंगली वास आहे जो दुसऱ्या कुठल्या बेरीला नाही. त्याची अडचण दोनच. चीक, त्यासाठी फळ पूर्ण पिकलेलंच घ्यायचं, हिरवं-लाल लोणच्याला ठेवायचं, आणि दोन-तीन पाण्यातनं धुवायचं. दुसरी अडचण पेक्टिन. करवंद उकळलं की आपोआप जेलीसारखं धरतं, म्हणून तर त्याचा जॅम बिनतक्रार होतो, खरं बिअरमध्ये तेच पेक्टिन गढूळपणा देतं, कितीही दिवस ठेव निवळत नाही. तुमच्याकडं दुकानात पेक्टिनेज मिळतं, पेक्टिन तोडणारं एन्झाइम, ते सिरप किंवा गर गार असताना, पन्नास अंशाच्या खाली, घालून एक रात्र ठेवायचं. आईला सांग शक्य असेल तर साखर न घालता नुसता गर शिजवून, गरम गरम बाटलीत भरून सील कर. नाही जमलं आणि सिरपच आलं तर साखर मोजून धर, बस. सेझॉन नावाची बेल्जियन शेतकऱ्यांची बिअर असते, मिरमिरीत, एकदम कोरडी, तिचं यीस्ट घेऊन हलक्या रंगाची बिअर कर आणि त्यात करवंद घाल. हे जमलं तर मला फोटो पाठव.

जांभळाला जरा जपून. जांभळाचा रंग बघून सगळे फसतात. खाताना जीभ जांभळी होते आणि घसा आवळून येतो, तो आवळणारा तुरटपणा यीस्ट खात नाही, साखर गेल्यावर तो दुप्पट जाणवतो. त्यात बिअरमधल्या हॉप्सच्या फुलांचा कडूपणा मिळाला की तोंड कोरडं पडतं, सुपारीचं खांड चघळल्यासारखं. म्हणून जांभूळ घालायचं तर बिअर अगदी कमी कडू, कडूपणाच्या मापात १०-१२ च्या वर नको, आणि माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, भिजवताना पाणी ६८-६९ अंशाला ठेव म्हणजे यीस्टला न खाता येणारी थोडी साखर मागं राहील आणि अंगाला भरीव लागेल. दुधातली साखर, लॅक्टोज, मिळते, बिअरचं यीस्ट ती खात नाही, २० लिटरला २००-२५० ग्रॅम घातलीस तर तुरटपणाला उशी मिळते, फक्त ज्यांना दूध पचत नाही त्यांना आधी सांगायचं. बी वाटायची नाही, मिक्सरमध्ये तर मुळीच नाही. आणि स्टाउट नावाच्या काळ्या बिअरमध्ये जांभूळ छान दिसेल म्हणून कुणी सांगितलं तर ऐकू नकोस, भाजक्या माल्टचा तुरटपणा आणि जांभळाचा, दोन्ही एका ग्लासात फार होतं.

तू विचारलं नाहीस तरी सांगतो, काजूच्या बोंडाचा रस मिळाला तर त्यात पण भयंकर तुरटपणा असतो, साबुदाण्याची किंवा भाताची पातळ पेज घालून तो आधी खाली बसवायचा आणि वरचं निवळ घ्यायचं. आणि फणस. बरका फणस, कापा नाही. गव्हाच्या जर्मन बिअरचं यीस्ट स्वतःच केळ्यासारखा वास सोडतं आणि पिकलेल्या बरक्याच्या वासात पण तेच द्रव्य असतं, त्यामुळं दोघं एकमेकांत मिसळून जातात. फक्त सिरप नको, उकळलं की फणसाचा वास वाफेबरोबर स्वयंपाकघरात राहतो, बाटलीत येत नाही. गर ७० अंशाला दहा मिनिटं धरायचा, तेवढंच.

आता तू म्हणशील काका, मला कोरडी आंबट बिअर नको, मला आईच्या सिरपची तीच गोड चव पाहिजे. त्याला पण उत्तर आहे आणि ते दोनशे रुपयांच्या कुठल्या सामानाचं नाही. बर्लिनमध्ये वाइसं म्हणून हलकी आंबट गव्हाची बिअर मिळते, ती देताना विचारतात, लाल का हिरवं? लाल म्हणजे रास्पबेरीचं सिरप, हिरवं म्हणजे वाल्डमाइस्टर नावाच्या एका रानपाल्याचं. सिरप बिअर करताना घालत नाहीत, पिताना ग्लासात घालतात. बाटली फुटायचा प्रश्न नाही, साखर यीस्टनं खायचा प्रश्न नाही, पहिल्या घोटापर्यंत फळ जसंच्या तसं. तू पुढच्या वेळी साधी, हलकी, साडेतीन टक्क्यांची आंबट गव्हाची बिअर कर, ग्लासात तळाला आईचं कोकम सिरप एक चमचा घाल, वरून तिरकी बिअर ओत, ढवळू नकोस. खाली लाल, वर सोनेरी. मिठाचं, जिऱ्याचं पण तिथं खटकत नाही, कारण सोबत साखर आहे. आईच्या सिरपची खरी जागा ही, फर्मेंटर नाही.

ह्या सदराला पत्रं लिहिणारे निपाणी, चिकोडी, बेळगाव, खानापूरचे बाकीचे लोक हे वाचून उद्या बादली घेऊन बसतील म्हणून स्पष्ट सांगतो. ह्या मुलाला तिकडं चालतं कारण इंग्लंडमध्ये १९६३ पासून घरच्या पिण्यापुरती बिअर करायला परवाना लागत नाही, विकायची मात्र नाही. आपल्याकडं कर्नाटकात १९६५ चा अबकारी कायदा आहे, परवान्याशिवाय घरी बिअर करणं हा गुन्हा आहे, आणि आपण चंदगडला मावशीकडं जाऊन करू म्हणाल तर तिकडं महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा. तेव्हा इथं नको. तुम्हाला फळांशी खेळायचंच असेल तर करवंदाचं, जांभळाचं सिरप करून सोड्यात घाला, जांभळाचा व्हिनेगर करा, त्याचं मी वेगळं लिहीन. वर सांगितलेलं चीक, पेक्टिन, तुरटपणाचं सगळं त्याला पण लागू आहे.

आणि खानापूरकर, शेवटचं आईचं. तू पत्रात ते एका ओळीत लिहिलंस, खरं मला सगळ्यात जास्त तेच टोचलं. ती माउली मे महिन्यात उन्हात बरणी ठेवते, संध्याकाळी आत घेते, सकाळी परत बाहेर, पावसाचा शिंतोडा आला तर पळत जाते, सात-आठ दिवस. मग गाळते, बाटल्या उकळते, बूच मेणानं बंद करते, कुणी येणारं-जाणारं शोधून त्याच्या हातात देते. आणि फोनवर विचारते, सरबत संपलं काय रे, आवडलं काय. तू हो म्हणतोस. खोटं सांगालास तिला. मी समजतो, आपल्याकडच्या घरात बिअर हा शब्द जेवणाच्या ताटावर कुणी काढत नाही, आणि बाबांच्या कानावर गेलं तर काय होईल ह्याची भीती असणार. बाबांचं तू बघ, तुझं घर तुला माहीत. आईला मात्र सांग. अशा दिवशी सांग जेव्हा ती निवांत आहे, एकटी आहे, दुपारी भांडी झाल्यावर. म्हण, आई, मी तुझ्या सिरपचं थोडं बिअरमध्ये घालून बघितलं, माझं चुकलं, वाया गेलं, आता नीट करायचंय, तू मला सांग तू कसं करतीस. रागावेल. चार दिवस बोलायची पण नाही कदाचित. खरं माझा अनुभव असा आहे की आपल्या हाताच्या वस्तूचं पोरानं मन लावून विचारलं तर आईला बोलल्याशिवाय राहवत नाही.

आणि तुला तिची गरज आहे, हे नुसतं मन राखायला म्हणत नाही. सालीला साखर दुप्पट का दीडपट, मीठ किती, उन्हात किती दिवस, पाणी घातलं का नाही, हे आकडे मला माहीत नाहीत, बाटलीवर छापलेले नाहीत, ते फक्त तिच्या हातात आहेत. मी वर ६५ टक्के साखर धरून हिशेब केलाय, तुझ्या आईचं सिरप ५५ असेल नाहीतर ७० असेल, आणि त्या फरकावर तुझी बाटली राहते का फुटते हे ठरतं. तेव्हा वही घेऊन बस आणि तिला विचार. सोलं बिनमिठाची पाहिजेत हे पण तेव्हाच सांग, मे संपायच्या आत, कारण पाऊस लागला की सोलं वाळत नाहीत.